ड्रेन बोल्टचे आटे पुन्हा पुन्हा का जातात, आणि चेंबर न बदलता ते कसे सावरायचे

पावसाळा संपत आला की नाशिकमधल्या फोर बाय फोर गाड्यांच्या मंडळींकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. "ऑइल बदललं तेव्हापासून खाली थेंब पडतोय. गॅरेजमध्ये बोल्ट अजून आवळून दिला, चार दिवस बरं होतं, परत सुरू." यापुढचा टप्पाही ठरलेला असतो. एके दिवशी ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा खालचा बोल्ट, आवळलाच जात नाही, नुसता गोल फिरतो. मग कुणीतरी त्याहून जाड बोल्ट बळजबरीने घुसवून देतो, पुढच्या सर्व्हिसिंगला तोही सैल होतो, आणि शेवटी चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइल साठवणारं भांडं, बदलायचा सल्ला मिळतो.

चेंबर बदलावं लागण्याइतकी वेळ फार थोड्या गाड्यांवर येते. आटे गेले तर ते नीट, नव्यापेक्षा मजबूत करता येतात, आणि ते काम करणारे हात नाशिकमध्ये भरपूर आहेत. मात्र आटे का गेले हे न शोधता केलेली दुरुस्ती टिकत नाही. म्हणून आधी कारण, मग इलाज.

ऑइल नेमकं कोण अडवतं?

ड्रेन बोल्टच्या आट्यांचं काम एकच आहे: बोल्टचं डोकं चेंबरच्या तोंडावर दाबून धरायचं. आटे कितीही चांगले असले तरी त्यांच्या खाचेतून ऑइल हळूहळू खाली सरकतंच. ते थांबतं डोक्याखालच्या वॉशरपाशी. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा मऊ वॉशर दाबाखाली किंचित चेपतो, चेंबरच्या तोंडावरचे बारीक ओरखडे भरून काढतो आणि वाट बंद करतो. काही गाड्यांना पत्र्याला रबराची कड लावलेला वॉशर येतो, त्याचंही काम तेच.

एकदा चेपलेला वॉशर कडक होतो. पुढच्या वेळी तोच लावला तर तो पुरेसा चेपत नाही, थेंब येतो, आणि थेंब आला की माणूस पाना उचलतो. सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. वॉशरची कमतरता आट्यांवर जोर देऊन भरून काढायला गेलं की आटे बळी जातात. दर ऑइल बदलाला नवा वॉशर, एवढं पाळलं तरी बहुतेकांची गाडी या फेऱ्यातून सुटेल. जुने फिटर तांब्याचा सपाट वॉशर लालसर होईपर्यंत तापवून, गार करून, परत मऊ करून वापरायचे. ती पद्धत खरी आहे आणि आडगावी उपयोगी पडते. पण शहरात असताना नवाच घ्या.

आता जोराचं गणित बघा, कारण आवळण्याच्या बाबतीत हाताचा अंदाज फार फसवतो. १४ मिमीच्या ड्रेन बोल्टला साधारण २५ ते ४५ न्यूटन मीटर एवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच प्रमाण मानायचा. २० सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलोचा जोर दिला की जवळपास ३९ न्यूटन मीटर होतात, म्हणजे काम झालं. तेवढाच जोर ६० सेंमीचा पाइप लावून दिला तर ११७ च्या वर जातो. माणसाला वाटतं आपण नेहमीसारखंच आवळलं. बोल्टने मात्र तिप्पट भार सोसलेला असतो. हवेच्या गनने ड्रेन बोल्ट बसवणं तर यापेक्षा वाईट, कारण तिथे हाताला काही कळायच्या आत काम संपलेलं असतं. गनने तो बोल्ट खोलतानाही मला आवडत नाही. बसवताना तर मी समोर उभा राहून नको म्हणतो.

ऑफरोड गाड्यांनाच हे जास्त का होतं

पहिलं कारण, त्या जास्त वेळा उघडल्या जातात. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या बाजूला ओढे ओलांडून आलेल्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये (ॲक्सलच्या गिअरच्या डब्यात) किंवा गिअरबॉक्समध्ये पाणी गेलंय का, हे बघायला बोल्ट काढावा लागतो. धूळ आणि चढावरच्या कामामुळे इंजिन ऑइलही लवकर बदलतात. प्रत्येक उघडझाप आट्यांचं थोडं आयुष्य घेते.

दुसरं कारण चिखल. निफाड-दिंडोरीकडची काळी माती चेंबर गार्डच्या आत जाऊन बसली की वाळून विटेसारखी होते. ती बोल्टच्या भोवती असतानाच पाना लावला, तर सुटणारी रेती आट्यांत शिरते आणि पॉलिश पेपरसारखी घासत जाते. बोल्ट काढण्याआधी तारेच्या ब्रशने आणि फडक्याने ती जागा स्वच्छ करायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं फार कमी लोक देतात.

तिसरं, दगड. त्र्यंबक, अंजनेरीच्या बाजूचा काळा बेसाल्ट मऊ नाही. गार्ड नसेल, किंवा गार्डचं भोक मोठं कापलेलं असेल, तर दगडाचा फटका थेट बोल्टच्या डोक्याला बसतो. बोल्ट थोडा वाकतो, तोंड तिरकं होतं, आणि मग कितीही नवे वॉशर लावा, एका बाजूने झिरपतंच. अशा वेळी आट्यांना दोष देण्याआधी बोल्ट काचेवर ठेवून डोक्याखालची बाजू सपाट बसते का ते बघा.

थेंब नक्की कुठून येतोय

चेंबर गार्ड असलेल्या गाडीत जमिनीवरचा थेंब काहीच सांगत नाही. वरून, रॉकर कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा क्रँकच्या मागच्या सीलमधून आलेलं ऑइल गार्डवर साचतं, उतारावरून पुढे येतं आणि नेमकं ड्रेन बोल्टच्या भोकातून खाली पडतं. आटे ठीक असताना बोल्टवर अत्याचार होतात ते यामुळेच.

गार्ड काढा. चेंबर, बोल्ट आणि चेंबरच्या पॅकिंगची कड डिझेलने धुऊन कोरडी करा. मग बोल्टच्या भोवती आणि वरच्या सांध्यांवर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड मारा, इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा, बंद करा आणि तासभराने टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्यावर काळी रेघ कुठून सुरू झाली हे लगेच दिसतं. रेघ बोल्टच्या डोक्याच्या कडेतून सुरू होत असेल तर वॉशर, तोंड किंवा आटे. बोल्टच्या शेजारच्या धातूतून सुरू होत असेल तर तडा. पत्र्याच्या चेंबरला आतून जो जाड नट वेल्ड केलेला असतो, त्या वेल्डच्या कडेला तडा जातो आणि तो वरवर बघून अजिबात कळत नाही. रेघ वरून येत असेल तर ड्रेन बोल्टला हात लावू नका, दुखणं दुसरीकडे आहे.

बोल्ट काढल्यावर तो हातात घेऊन नीट बघा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे गेले असतील तर बोल्टच्या खाचांत चांदीसारखी चमकणारी बारीक तार गुंडाळलेली सापडते. ती तार म्हणजेच चेंबरचे आटे. ती दिसली की "अजून एकदा आवळून बघू" हा विषय संपला. पत्र्याच्या चेंबरमध्ये नट लोखंडी असतो, त्यामुळे बऱ्याचदा बोल्टचेच आटे दबलेले निघतात आणि नवा बोल्ट लावला की काम होतं. म्हणून पत्र्याच्या चेंबरला हात घालण्याआधी नवा बोल्ट आणि नवा वॉशर लावून बघायचाच.

बोल्ट नुसता फिरतोय आणि बाहेरही येत नाही, अशी गंमत नसलेली अवस्थाही येते. तेव्हा डोक्याखाली चपटा स्क्रू-ड्रायव्हर हलकेच घालून बोल्ट खाली ओढत ठेवा आणि सोबत उलटा फिरवा. उरलेले आटे पकडतात आणि बोल्ट उतरतो. स्क्रू-ड्रायव्हर ठोकून घालू नका, तोंडाला खड्डा पडला तर नवा त्रास.

माप घेताना होणारी गफलत

"१७ चा बोल्ट द्या" म्हणून दुकानात गेलात तर १७ नंबरचा पाना लागणारा बोल्ट मिळतो. डोक्याचं माप आणि आट्यांचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १७ चं डोकं असलेला बोल्ट १२ मिमीचाही असू शकतो आणि १४ मिमीचाही. त्यातही १४ मिमीचे बोल्ट १.२५ च्या चालीचे येतात आणि १.५ च्या चालीचेही. चाल म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. १.५ च्या भोकात १.२५ चा बोल्ट पहिले दोन-तीन फेरे छान जातो, मग जड होतो, आणि जड झाल्यावर पाना लावला की चेंबरचे आटे चिरत आत जातो. बाहेरून सगळं घट्ट दिसतं. पुढच्या वेळी उघडल्यावर आतलं सगळं बोल्टसोबत बाहेर येतं.

व्हर्नियरने जाडी मोजा आणि पिच गेजने चाल. पिच गेज नसेल तर मूळ बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी-शेजारी समांतर टेकवून उजेडाकडे धरा. आटे एकमेकांत बसले आणि मधून उजेड दिसला नाही तर चाल सारखी. लांबीही जुळवा. आखूड बोल्टने सगळा भार तोंडाजवळच्या तीन-चार आट्यांवर येतो. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट लांबी आट्यांत बसलेली असावी, असा मशीन शॉपमधला साधा नियम आहे. चेंबरची जाडी तेवढी नसेल तर निदान जेवढे आटे आहेत तेवढे सगळे वापरात आले पाहिजेत.

इलाज, हलक्यापासून भारीपर्यंत

तोंडाजवळचेच आटे गेले असतील आणि आतले शाबूत असतील, तर थोडा लांब बोल्ट पुरतो. आत टॉर्च मारून, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा धरून बघा. लांब बोल्ट आतल्या जाळीला किंवा पत्र्याला टेकत नाही ना, हे हाताने फिरवून आधी तपासा. बोल्ट अर्ध्यात अडला तर तो आटे पकडत नसून कशाला तरी टेकतोय, लगेच थांबा.

आटे नुसते मळलेले किंवा एखाद-दुसरा दबलेला असेल तर त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून ते साफ होतात. इथे नवे आटे पाडायचे नसतात, जुनेच सरळ करायचे असतात. टॅप पहिल्यापासून बोटांनी जायला हवा. पान्याचा जोर लागला तर तो जुन्या वाटेवर नाही.

बाजारात एक जाड, स्वतःच आटे पाडत जाणारा बोल्ट मिळतो. काहींच्या मधोमध छोटा बोल्ट असतो, म्हणजे मोठा तसाच ठेवून छोट्यातून ऑइल काढता येतं. पत्र्याच्या चेंबरला, गाडी घरी आणण्यापुरता, ठीक. ॲल्युमिनियमला मी तो सुचवत नाही. तो पाचरीसारखा धातू फाकवत जातो, कडेला तडा गेला की मग मात्र खरंच चेंबर बदलावं लागतं.

पुढचा पर्याय भोक मोठं करून पुढच्या मापाचे आटे पाडायचा: १४ चं १६, चाल १.५ च. त्यासाठी १४.५ मिमीचा ड्रिल लागतो. भोकाभोवती पुरेसा धातू असेल तर हा स्वस्त आणि सरळ उपाय आहे. पण ॲल्युमिनियमचे आटे ॲल्युमिनियमचेच राहतात. पाइप लावून आवळायची सवय गेली नाही तर तेही जाणार, आणि त्यानंतर हातात धातू कमी उरणार.

म्हणून ॲल्युमिनियमच्या चेंबरला माझी पहिली पसंती स्टीलच्या इन्सर्टला. याचे दोन प्रकार. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंग, जी मोठ्या केलेल्या भोकात बसते आणि आतून मूळ मापाचे आटे देते. दुसरा भरीव बुश: बाहेरून मोठे आटे, आतून मूळ मापाचे, वर बारीक कॉलर. ड्रेन बोल्ट वारंवार उघडायचा असतो, त्यामुळे ऑफरोड गाडीला भरीव बुश जास्त चांगला. हेलिकॉइल कधी कधी बोल्टसोबत उलटी फिरून बाहेर येऊ लागते. कॉलरचा बुश नीट चिकटवून बसवला की हलत नाही.

हेलिकॉइलबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १४×१.५ च्या हेलिकॉइलसाठी लागणारा खास टॅप बाहेरच्या व्यासाला जवळपास १६ मिमीपर्यंत जातो. म्हणजे धातू तेवढाच निघतो, जेवढा १६ चे आटे पाडताना निघतो. आधीच कुणी १६ चे आटे पाडून ते घालवले असतील, तर १४ ची हेलिकॉइल आता तिथे बसणार नाही. तेव्हा उपाय एकच: १८ किंवा २० मिमीच्या बाहेरच्या आट्यांचा, आतून १४ चा बुश लेथवर करून घ्यायचा.

आणि इथे नाशिकचा मोठा फायदा आहे. सातपूरला महिंद्राचा कारखाना, इगतपुरीला इंजिनांचा, आणि त्यांच्याभोवती सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वर्षानुवर्षं सुटे भाग बनवणारे छोटे शॉप. गॅरेजमध्ये जे काम "होत नाही" म्हणून सांगतात, ते तिथल्या टर्नरसाठी चहाच्या आधी संपणारं असतं. अंबडला एका टर्नरकाकांकडे मी चेंबर घेऊन गेलो होतो. त्यांनी भोकात करंगळी फिरवली, नखाने कड चाचपली आणि म्हणाले, "दादा, आटे नंतर बघू. हे तोंडच तिरकं आहे. आधी हे सरळ करू, नाहीतर माझा बुश पण गळेल आणि नाव माझं जाईल." चेंबर मशीनवर बांधून त्यांनी तोंडावरून अगदी हलका, कागदाएवढा कट घेतला. राखाडी धातूच्या मधून चकचकीत कडं बाहेर आलं, आणि त्या कड्याच्या एका बाजूला जुन्या वॉशरने पाडलेली अर्धचंद्रासारखी खाच अजून शिल्लक होती. दुसऱ्या हलक्या कटमध्ये ती गेली. त्यानंतरच त्यांनी ड्रिल लावला. कुणाकडेही काम द्या, ही पायरी वगळू देऊ नका.

गाडीखाली झोपून करायचं असेल तर

शक्य असेल तर चेंबर उतरवूनच काम करा. पण कित्येक फोर बाय फोर गाड्यांत पुढचा ॲक्सल किंवा क्रॉस मेंबर आडवा येतो, आणि चेंबर काढायला अर्धी गाडी उघडावी लागते. तेव्हा जागेवरच करावं लागतं, आणि ते करता येतं.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक, चाकांना दगड, आणि घोड्यांवर (आधाराच्या लोखंडी स्टँडवर). नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. ऑइल कोमट असताना काढा आणि भोक रात्रभर ठिबकू द्या, कारण चिकटवायचं असेल तर तिथे तेलाचा अंश नको.

सगळ्यात मोठी भीती धातूच्या किसाची. ॲल्युमिनियमचा कीस चुंबकाला लागत नाही, त्यामुळे मॅग्नेटवाला बोल्ट लावला म्हणजे सुटलो असं नाही. टॅपच्या खाचा ग्रीसने गच्च भरा. कीस ग्रीसमध्ये अडकतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दर दोन फेऱ्यांनी टॅप काढून पुसा, परत ग्रीस भरा. कंटाळा येतो, पण हीच वेळ इंजिन वाचवते. साध्या हात-ड्रिलने खालून भोक मोठं करायला जाऊ नका, हात थोडा जरी कलला तरी भोक तिरकं. पुढे रीमर (भोक मोठं करणारं हत्यार) आणि मागे टॅप असलेली किट मिळते, ती हाताने फिरवायची असते आणि जुन्या भोकाच्या सरळीतच जाते. टॅप उभा आहे का हे बघायला दोन दिशांनी छोटा गुण्या लावा.

हेलिकॉइल बसवत असाल तर तिचं तोंड चेंबरच्या तोंडापेक्षा पाव ते अर्धा फेरा आत राहू द्या, म्हणजे वॉशर तारेवर बसणार नाही. आतल्या टोकाची आडवी जीभ तोडताना लांब तोंडाच्या पकडीने धरूनच तोडा. आत पडली तर ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. भरीव बुशला बाहेरून जास्त पकडीचा थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा द्रव) लावा, आत एक थेंबही जाऊ देऊ नका, आणि पाकिटावर लिहिलेला वेळ पाळा. पूर्ण पकड यायला साधारण २४ तास लागतात. "तासाभरात गाडी घेऊन जा" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

मग धुणं. फिल्टर जागेवर, ड्रेनचं भोक उघडं, खाली स्वच्छ पांढरी परात. वरून अर्धा ते एक लिटर स्वस्तातलं नवं ऑइल ओता आणि परातीत येणाऱ्या ऑइलवर टॉर्च मारा. चमचम दिसली तर परत ओता. इंजिन सुरू करायचं नाही, नुसतं वरून खाली वाहू द्यायचं. चमक थांबली की नवा वॉशर, बोल्ट पूर्णपणे बोटांनी आत, आणि शेवटी टॉर्क पाना. बोल्ट बोटांनी चार-पाच फेरे गेला नाही तर तो तिरका लागलाय. काढा आणि पुन्हा लावा. खाली झोपल्यावर उजवं-डावं उलटसुलट वाटतं, त्यामुळे बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने बंद, हे मनात पक्कं ठेवा. उघडायच्या ऐवजी जोर लावून आवळून आटे घालवणारेही आहेत.

पत्र्याच्या चेंबरचा नट वेल्डसकट गेला असेल तर चेंबर उतरवावंच लागेल. ते ऑइलमुक्त धुऊन, वाळवून मगच नवा नट वेल्ड करायचा. तेलाची वाफ साठलेल्या भांड्याजवळ ठिणगी नको. वेल्डनंतर चेंबरला बाहेरून खडूचा लेप द्या, आत रॉकेल किंवा डिझेल भरा आणि रात्रभर टेकवून ठेवा. पिनहोल असेल तर सकाळी खडूवर ओला ठिपका दिसतो. ॲल्युमिनियमचं चेंबर आर्गनने वेल्ड करून देतो म्हणणारे भेटतील. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं ओतीव ॲल्युमिनियम वेल्ड करताना बुडबुडे धरतं, आणि तिथून झिरपत राहतं. तडा असेल तर नाइलाज, नुसते आटे गेले असतील तर इन्सर्टच.

जे करू नये

आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. टेप आवळण्याचा अंदाज बिघडवते, आणि तिची लक्तरं सुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. सुतळी, धागा, सुकलेला रंग, असल्या गोष्टी दिंडोरीकडच्या शेतातल्या जीपगाड्यांत मी पाहिल्या आहेत. द्राक्षाच्या हंगामात गाडी उभी ठेवणं परवडत नाही हे मला पूर्ण समजतं, पण ऑइल संपून बेअरिंग गेलं तर गाडी हंगामभर उभी राहील. भोकावरून एपॉक्सी पुट्टी थापणंही टिकत नाही, कारण तेलकट पृष्ठभागावर ती धरतच नाही.

रानात असताना बोल्ट निघून गेला, तर रबराचा फुगणारा प्लग, नसेल तर कापून बसवलेला घट्ट रबरी बूच, आणि गाडी ओढून न्यायची. ऑइल प्रेशरचा दिवा लागला की त्याच क्षणी इंजिन बंद. "पुढच्या गावापर्यंत" हा विचार इंजिनाच्या जिवावर बेततो. नुसता थेंब पडत असेल तर डिपस्टिक बघत, ऑइल भरत घरी येता येतं. एक जादा बोल्ट, तीन-चार वॉशर आणि एक लिटर ऑइल टूलबॉक्समध्ये कायम असू द्या; कसाऱ्याच्या अलीकडे-पलीकडे आडवाटेला रात्री दुकान मिळत नाही.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल

ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा. नियम तेच, पण दोन गोष्टी वेगळ्या. पहिली: भरायचा बोल्ट आधी उघडा, मग काढायचा. भरायचा बोल्ट गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून ऑइल सोडून बसलात, तर गाडी जागेवरच अडकली. दुसरी: काही ठिकाणी बोल्ट निमुळते असतात. त्यांना वॉशर नसतो, आटेच सील करतात, आणि म्हणून डोकं टेकेपर्यंत आवळायचे नसतात. निमुळता बोल्ट जास्त आवळला तर आटे जाण्याआधी बाहेरचं कवचच फुटतं. पाण्यातून आल्यावर तळाचं ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर ते बदलायचंच, पण दर वेळी बोल्ट पूर्ण न काढता नुसता सैल करून चार थेंब बघितले तरी कळतं. आट्यांची एक उघडझाप वाचते.

दुरुस्तीनंतर

इंजिन गरम करून बंद करा, दहा मिनिटांनी टॉर्च मारा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर परत बघा. बोल्टच्या डोक्यापासून चेंबरवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. बोल्ट हलला तर रेघ तुटते, आणि पाना न लावताच कळतं. कोरडा असेल तर "जरा अजून एक चिमटी" म्हणून आवळू नका.

ज्यांची गाडी वारंवार ऑइल मागते त्यांनी डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढणारा पंप वापरायला हरकत नाही. तळाला थोडा गाळ राहतो, म्हणून अधूनमधून बोल्ट उघडावा लागेल, पण आट्यांची उघडझाप निम्म्यावर येते. बोल्टच्या जागी तोटी लावायची फॅशन मला खडकाळ वाटेवरच्या गाडीला पटत नाही. ती खाली लोंबते आणि पहिला दगड तिलाच लागतो. गार्ड चांगला असेल आणि तोटी त्याच्या आत राहत असेल तरच.

काढलेलं काळं ऑइल डब्यात भरून परवानाधारक घेणाऱ्याकडे द्या. सातपूर-अंबडच्या गटारात ओतलेलं ऑइल नासर्डी नदीतून गोदावरीत जातं.

आणि इन्सर्ट बसवल्यावर चेंबरच्या बाजूला ऑइल पेंटने माप लिहून ठेवा: १४×१.५, तांब्याचा वॉशर, अमुक टॉर्क. गाडी पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या हातात असेल. खाली झोपल्यावर त्याला ते वाचता येईल, आणि तो पाइप बाजूला ठेवेल.